मातीची माणसं आणि त्यांचा ठावठिकाणा

 आज आपण पश्चिम मेक्सिकोत जाणार आहोत. हालिस्को, नायारित आणि कोलिमा ही तिथली तीन राज्यं. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला 1492 साली. आपल्याला त्याच्याही हजार-अठराशे वर्षं मागे जायचं आहे. ढोबळमानाने इसवी सनपूर्व 300 ते इसवी सन 400 या काळात इथल्या लोकांनी आपल्या मृतांना जमिनीत खोल ठेवलं आणि त्यांच्यासोबत भाजलेल्या मातीच्या मूर्ती ठेवल्या. त्या मूर्तींबद्दल विसाव्या शतकात काय काय लिहिलं गेलं, त्यातलं काय टिकतं आणि काय टिकत नाही, हा आजचा विषय.

आधी थडग्याची रचना समजून घेऊ. विहिरीसारखा एक अरुंद खड्डा सरळ खाली जातो. कुठे दोन-तीन मीटर, तर कुठे 15 मीटरपेक्षाही खोल. तळाशी बाजूला एक किंवा अधिक खोल्या कोरलेल्या असतात. खोलीत मृतदेह, अन्नाची भांडी, शंख आणि मूर्ती. मग खोलीचं तोंड बंद करायचं आणि वरचा खड्डा बुजवायचा. स्पॅनिशमध्ये यांना ‘तुंबास दे तिरो’ म्हणतात.

या मूर्ती आपल्यापैकी अनेकांनी चित्रांत पाहिल्या असतील. कोलिमाचा गुबगुबीत, तांबूस, चकचकीत कुत्रा. हालिस्कोची लांबट चेहऱ्याची, ताठ बसलेली माणसं. नायारितची नवराबायकोची जोडपी, कानांत कड्यांची रांग, अंगावर रंगवलेले कपडे. बाळाला पाजणारी आई, ढोल वाजवणारा, मांडीवर हात ठेवून नुसताच बसलेला म्हातारा. अक्राळविक्राळ देव नाहीत, कवट्यांच्या माळा नाहीत. मेक्सिकोच्या इतर प्राचीन कलेपुढे हे सगळं फार घरगुती वाटतं. पाहणाऱ्याला चटकन आपलंसं वाटतं, आणि गोंधळ नेमका तिथेच सुरू होतो.

कारण यातल्या बहुतेक मूर्ती पुरातत्त्वज्ञांनी काढलेल्याच नाहीत. त्या चोरट्यांनी काढल्या. तिकडे अशा मूर्तीला बोलीभाषेत ‘मोनो’, म्हणजे बाहुलं, म्हणतात. आणि ती उकरून विकणारा तो ‘मोनेरो’. मोनेरो रात्रीतून खाली उतरतो, विकाऊ माल वर काढतो. हाडं विकली जात नाहीत, म्हणून ती तुडवली जातात. अन्नाचे अवशेष विकले जात नाहीत. कोणती मूर्ती कोणाच्या उशाशी होती, किती मूर्ती एकत्र होत्या, त्यांची तोंडं कुठे होती, ही माहिती तर कुणी विकतच घेत नाही. पोलीस पंचनामा करतात तेव्हा प्रेताशेजारी काय पडलं होतं, दार आतून बंद होतं की बाहेरून, हे का लिहून ठेवतात? वस्तू एकटी साक्ष देत नाही, तिची जागाही साक्ष देते. इथे साक्षीदार काचेच्या कपाटात आहे आणि पंचनामा झालेलाच नाही. मग जो तो आपल्या मनातलं त्याच्या तोंडी घालतो.

असं किमान दोनदा झालं. पहिल्या वाचनाशी दिएगो रिवेराचं नाव जोडलेलं आहे. या थोर भित्तिचित्रकाराने हजारोंच्या संख्येने प्राचीन मेक्सिकन वस्तू जमवल्या. त्यासाठी बांधलेलं आनाउआकाल्यी हे संग्रहालय मेक्सिको सिटीत आजही आहे. ते 1964 साली लोकांसाठी उघडलं. त्याच्या संग्रहातल्या पश्चिम मेक्सिकोच्या कलेचं प्रदर्शन 1946 साली मेक्सिको सिटीच्या बेयास आर्तेस राजवाड्यात भरलं आणि या मूर्तींना ‘कला’ म्हणून मान मिळाला. त्या काळी रुजलेलं मत असं: या मूर्तींत धर्म नाही, हे खेड्यातल्या साध्या माणसांचं रोजचं जगणं आहे. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोला राजे-पुरोहितांपेक्षा कष्टकरी पूर्वज हवे होते. ते या मातीत सापडले.

या वाचनाचं ऋण आपण मान्य करायला हवं. त्यामुळे लोक या मूर्तींकडे नीट पाहू लागले. पण एक साधा प्रश्न बाजूला राहिला. रोजचंच जगणं दाखवायचं होतं, तर ते इतक्या खोल खड्ड्यात पुरायचं कशाला? जे कुणी बघणार नाही, ते कुणासाठी घडवलं?

दुसरं वाचन 1960च्या दशकातलं. पीटर फर्स्ट हा मानवशास्त्रज्ञ वीशारिका लोकांमध्ये काम करत होता. बाहेरच्या जगात हे लोक ‘हुइचोल’ नावाने ओळखले जातात. पश्चिम मेक्सिकोच्या डोंगरांत ते आजही राहतात आणि त्यांच्यात मांत्रिक-वैद्यांची जिवंत परंपरा आहे. फर्स्टने तिच्या आधाराने मूर्ती वाचल्या. कपाळावर शिंग असलेले, हातात शस्त्र घेतलेले जे ‘योद्धे’ आहेत, ते योद्धे नसून मांत्रिक आहेत. ते मृताच्या रक्षणासाठी अदृश्य शक्तींशी लढत आहेत, असं त्याचं म्हणणं. मूर्ती थडग्यात का, या प्रश्नाला निदान हे उत्तर तरी होतं. पण दोन अडचणी होत्या. मधली दीड-दोन हजार वर्षं एका उडीत ओलांडली होती. आणि ज्या मूर्तींवरून निष्कर्ष काढले, त्यांतल्या बहुतेकांचा मूळ ठावठिकाणाच माहीत नव्हता. पुढे मार्क मिलर ग्रॅहम या कलाइतिहासकाराने त्याच शिंगाकडे बोट दाखवून वेगळं सांगितलं: हे शिंग नव्हे, हे शंखाचं टोक आहे, आणि शंख हे सत्तेचं चिन्ह आहे. एकच मूर्ती: एकाला मांत्रिक दिसतो, दुसऱ्याला सरदार.

आता आपण म्हणू, मग खरं काय? काचेच्या कपाटासमोर उभं राहून याचा निकाल लागत नाही. निकालाच्या जवळ जायला हातोडा-कुंचला घेऊन जमिनीवरच यावं लागतं. 1993 साली हालिस्कोतल्या उइत्झिलापा इथे लोरेन्सा लोपेझ मेस्तास आणि खोर्खे रामोस यांना चोरांचा हात न लागलेलं एक थडगं सापडलं. सुमारे साडेसात मीटर खोल खड्डा, तळाशी दोन खोल्या, प्रत्येकीत तीन, म्हणजे एकूण सहा माणसं. काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. सहापैकी बऱ्याच जणांच्या मणक्यात सारखाच जन्मजात दोष आढळला, त्यावरून ती एकाच कुळातली असावीत असं दिसतं. त्यांच्यातला एक पुरुष, वय सुमारे 45, सगळ्यांत जास्त सजवलेला. जेडचे दागिने, शिंपल्याची कडी, आणि अंगाशी मोठे शंख. चेंडूचा खेळ खेळणाऱ्यांच्या मूर्तीही तिथे होत्या. मेक्सिकोत हा खेळ नुसता करमणुकीचा नव्हता. तो प्रतिष्ठेचा आणि विधीचा भाग होता.

बघा, एका थडग्याने किती गोष्टी जागेवर आणल्या. ही ‘साधी खेडवळ माणसं’ नव्हती. कुळाचा अभिमान बाळगणारी, लांबून जेड आणि समुद्रातून शंख मिळवू शकणारी घराणी होती. शंख आणि सत्ता यांचा संबंध आता फक्त तर्क उरला नाही. याचा अर्थ मांत्रिक नव्हतेच असा होत नाही. कुळप्रमुख हाच विधीचा प्रमुख असेल, तर सत्ता आणि मंत्र यांच्यात आपण घातलेली भिंत त्या समाजात नसेलही. पण आता हे विधान एका विशिष्ट माणसाच्या हाडांशेजारी उभं राहून करता येतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं होत नाही.

असंच दुसरं उदाहरण घरांच्या प्रतिकृतींचं. नायारित-हालिस्कोकडून मातीची छोटी गावं येतात: गोल अंगण, कडेला घरं, मधोमध उंचवटा, कधी त्यावर खांब आणि खांबावर चढलेला माणूस. बरीच वर्षं ही कारागिराची गंमत समजली गेली. मग फिल वाइगंड आणि असेलिया गार्सिया यांनी तेउचित्लान परिसरात वर्षानुवर्षं पायी फिरून पाहणी केली. तिथल्या ग्वाचिमोंतोनेसमध्ये आढळल्या वर्तुळाकार वास्तू: मध्ये गोल चौथरा, भोवती अंगण, त्याभोवती ओट्यांची माळ. मातीचं खेळणं आणि जमिनीवरची वास्तू एकमेकांना जुळली. मूर्तिकार कल्पना लढवत नव्हता, तो आपला चौक घडवत होता.

आता कुत्र्याकडे येऊ, कारण सगळ्यांचं प्रेम त्याच्यावर. पर्यटकांच्या दुकानात तो, पोस्टकार्डावर तो. 2017च्या ‘कोको’ चित्रपटातला दांते त्याच बिनकेसाच्या शोलोइत्झक्विन्त्ली जातीचा. संग्रहालयातली पाटी सहसा सांगते की हा कुत्रा मृताला नदीपार नेणारा वाटाड्या आहे. ही समजूत कुठून आली? सोळाव्या शतकात साआगून या पाद्र्याने मध्य मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांकडून ती लिहून घेतली. म्हणजे दुसरा प्रदेश आणि किमान हजार वर्षांचं अंतर. समजूत तितकी जुनी असूही शकते. पण मूर्ती नीट पाहिली तर आणखी काही दिसतं. कुत्रा लठ्ठ आहे. बऱ्याचदा त्याच्या अंगाला तोटी आहे, म्हणजे तो मुळात भांडं आहे. प्राचीन मेक्सिकोत कुत्रे खाण्यासाठी पोसले जात. मग हा वाटाड्या, की वाटेची शिदोरी? दोन्ही असू शकेल. काही कुत्र्यांच्या तोंडावर तर माणसाचा मुखवटा आहे; तो ना वाटाड्यात बसतो ना शिदोरीत. पाटीवरचं एक ओळीचं उत्तर आपल्याला पुढे बघण्यापासून थांबवतं, ही आमची तिच्याबद्दलची मुख्य तक्रार.

आणि समोरची मूर्ती मुळात प्राचीनच नसेल तर? ब्रिहिदो लारा हे नाव लक्षात ठेवा. हे प्रकरण मेक्सिकोच्या दुसऱ्या किनाऱ्यावरचं, वेराक्रूझचं. 1974 साली प्राचीन मूर्ती चोरल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. तो म्हणाला, चोरल्या नाहीत, मीच केल्या. पटवण्यासाठी त्याने तुरुंगात माती मागवली आणि तशाच मूर्ती घडवून दाखवल्या. त्याची सुटका झाली आणि पुढे शालापाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयाने त्याला डागडुजीच्या कामावर घेतलं. त्याच्या म्हणण्यानुसार त्याने हजारो मूर्ती केल्या. 1980च्या दशकात हे जगभर छापून आल्यावर परदेशी संग्रहालयांना आपल्या कपाटांकडे संशयाने बघावं लागलं.

आपण हसतो. पण खरी गोम अशी: अमुक शैली म्हणजे काय, हे तज्ज्ञ ठरवतात ते मूर्तींची एकमेकींशी तुलना करून. त्या ढिगात लारासारख्यांची कामं मिसळली, तर शैलीची व्याख्याच भेसळीची होते. प्रयोगशाळा थोडी मदत करते. माती शेवटची कधी भाजली गेली, हे उष्णतादीप्तीच्या चाचणीने कळू शकतं. पश्चिम मेक्सिकोच्या मूर्तींवर रॉबर्ट पिकरिंगने वेगळाच पुरावा शोधला: बंद खोलीत प्रेतावर वाढलेल्या किड्यांच्या कोशांच्या खुणा. त्या खऱ्या असतील तर मूर्ती थडग्यात होती हे नक्की. पण कोणत्या थडग्यात, कुणाशेजारी, हे किडा सांगत नाही.

आणि ते कळलं की काय घडतं? वायव्य ग्वातेमालात एल पेरू-वाका या माया शहरात मिशेल रिच आणि सहकाऱ्यांना 2006 साली सातव्या शतकातल्या एका राजव्यक्तीचं थडगं सापडलं. त्यात 23 लहान मातीच्या मूर्ती होत्या, एका प्रसंगात मांडलेल्या: राजा, राणी, लेखनिक, ठेंगू माणसं, आणि मध्ये गुडघे टेकलेला मृत राजा, त्याच्यासोबत अद्भुत हरिण. मृताच्या पुनर्जन्माचा विधी चालू आहे, असा त्याचा अर्थ लावतात. कल्पना करा, मोनेरोने हे काढलं असतं तर? 23 मूर्ती 23 ठिकाणी गेल्या असत्या. हरिण एका दिवाणखान्यात, ठेंगू दुसऱ्या. प्रत्येकावर कुणीतरी छान लेख लिहिला असता. प्रसंग मात्र कुणालाच दिसला नसता.

मेक्सिकोच्या 1972च्या कायद्याने देशातल्या पुरातन वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या ठरवल्या. तरी परदेशात लिलाव होतात. पॅरिसमधल्या लिलावांवर मेक्सिकोने अलीकडेही जाहीर आक्षेप घेतले. विकायला ठेवलेल्यांपैकी काही आमच्या वारशाच्या, आणि काही चक्क अलीकडे बनवलेल्या, असं त्यांच्या पुरातत्त्व संस्थेने 2021 साली सांगितलं. संग्राहक म्हणतात, आम्ही या वस्तू वाचवल्या. मूर्ती वाचली, हे खरं. पण प्रत्येक बेपत्ता ठिकाणाच्या मूर्तीमागे एक उद्ध्वस्त थडगं आहे, आणि बाजारात मागणी आहे तोवर पुढचं थडगंही आहे.

म्हणून या मूर्ती बघायच्याच नाहीत का? जरूर बघायच्या. बाळाला पाजणारी ती नायारितची बाई आपल्याला भिडते, त्यात खोटं काही नाही. फक्त पुढच्या वेळी संग्रहालयात उभं राहिल्यावर पाटीवर ‘काय’ लिहिलंय त्याआधी ‘कुठून’ लिहिलंय ते शोधा. नुसतं ‘कोलिमा, मातीकाम’ असेल, तर पुढचा सगळा अर्थ पाटी लिहिणाऱ्याचा आहे, एवढं लक्षात ठेवा. आणि थडग्याचं नाव, खोली, वर्ष लिहिलेलं असेल, तर थोडं जास्त थांबा. तिथे त्या मातीच्या माणसाला स्वतःचं काही सांगायची संधी मिळाली आहे.

आता प्रश्न घेऊ.