‘स्वतः’ आणि ‘टिळक’ : पतिनिर्देशाचे दोन प्रकार

मालवणची वाट कसाल येथे मुंबई-गोवा महामार्गास मिळते. त्या परिसरातील मालवणी बोलीत नवऱ्यास ‘घोव’ असा रोखठोक शब्द आहे. तथापि जुन्या वळणाची स्त्री आपल्या नवऱ्याचे नाव न घेता ‘झिलाचो बापूस’ अशा आडवळणाने त्याचा निर्देश करी. नाव घेण्याची मुभा काय ती उखाण्यात. वडीलधाऱ्यांनी ठरविलेल्या विवाहात अपरिचित पुरुषाशी जन्माची गाठ पडलेल्या मुलीस प्रथम त्याच्यासाठी शब्दच शोधावा लागे. हा शोध दोन आत्मकथनांत कसा झाला, हे येथे पाहावयाचे आहे.

रमाबाई रानडे यांचा विवाह 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी झाला. रानडे तिशी ओलांडलेले, विधुर आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचेही चालले नाही. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (1910) या ग्रंथात रमाबाई पतीचा निर्देश ‘स्वतः’ या शब्दाने करतात. हे आत्मवाचक सर्वनाम वाक्यात ज्याचा उल्लेख आला असेल त्याकडे वळते. रमाबाईंच्या लेखनात मात्र ते पूर्वोल्लेखावाचूनही पतीकडे जाते. 1938 सालच्या इंग्रजी अनुवादास ‘हिमसेल्फ’ हेच नाव मिळाले, ते मर्मग्राही होय.

लक्ष्मीबाई टिळक यांचाही विवाह अकराव्या वर्षाच्या सुमारास झाला. 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त पती ‘टिळक’ आहेत. आडनावाने संकेत मोडत नाही, पण पतीकडे त्रयस्थाच्या नजरेने पाहता येते. म्हणूनच त्यांचा लहरीपणा आणि 1895 मधील धर्मांतराने ओढवलेला दीर्घ वियोग यांविषयी लक्ष्मीबाई निःसंकोचपणे लिहू शकतात.

एवढ्यावरून रमाबाई शरणागत व लक्ष्मीबाई स्वतंत्र असा निवाडा करणे सोपे आहे. तो आम्हास मान्य नाही. घरातील स्त्रियांचा विरोध सोसून रमाबाई शिकल्या, पुढे पुण्याच्या सेवासदनाची धुरा त्यांनी वाहिली. पतीविषयीच्या आदरशब्दाआडून त्यांनी आपलीही कहाणी सांगितली. उलट, लक्ष्मीबाईंच्या विनोदाखाली सोसलेले हाल आहेतच. एकीने संकेत पाळून बोलण्यास जागा मिळविली, दुसरीने संकेतातील फट हेरून. ‘स्वारी’सारखे रूढ शब्द हाताशी असता दोघींनी जे शब्द स्थिर केले, ते त्यांच्या निर्वाहाचे साधन होते. पतीची निवड त्यांच्या हाती नव्हती, शब्दाची होती. समीक्षकाने निवाड्यापूर्वी ही दुसरी निवड वाचली पाहिजे.