‘स्मृतिचित्रां’तील सांत्वन

दुखवट्याला गेलेल्या माणसाने काय बोलावे, हे कुठल्याही शाळेत शिकवले जात नाही. आमच्या हिंगोलीकडे तर उंबरठा ओलांडताच ठरलेली वाक्ये आपोआप तोंडात येतात : ‘त्याचं तेवढंच आयुष्य होतं’, ‘देवाच्या मनात असंल तेच होतं’, ‘आता लेकरांकडं बघा’. ऐकणारा मान हलवतो, बोलणारा पाणी पिऊन उठतो. ही वाक्ये खोटी असतात असे नाही. पण ती बोलणाऱ्याची सुटका करतात, ऐकणाऱ्याची नव्हे.

कादंबरी लिहिताना मला हे फार जाचले. मुलगा गमावलेली एक बाई माझ्या कादंबरीत होती. तिचे रडणे लिहिता आले. तिची समजूत घालणारा माणूस मात्र काही केल्या लिहिता येईना. ज्याच्या तोंडी शब्द घालावेत तो कीर्तनकारासारखा बोलू लागे. अखेर ते प्रकरण मी फाडून टाकले. श्रद्धेने दुःख हलके होते, हे आपण आयुष्यात पाहतो. मग वाङ्मयात ते खरे का वाटत नाही? हा प्रश्न मनात ठेवून मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचली.

हा ग्रंथ 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाला. त्याचा विनोद, त्यातला भाबडेपणा, त्याची बोलती भाषा यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे, आणि ते रास्तच आहे. परंतु मराठीत ख्रिस्ती श्रद्धेने शोकाचे काय केले, याचाही तो सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे. त्याचा विचार मात्र त्या मानाने कमी झाला.

पहिली गोष्ट अशी की, या ग्रंथात ख्रिस्ती धर्म येतो तो सांत्वन म्हणून नव्हे, तर आघात म्हणून. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या पदरी लहान मुलगा. कपाळी कुंकू असून नवरा हयात नसल्यासारखी अवस्था. विधवेच्या दुःखाला निदान रूढीने ठरवून दिलेली जागा असते, या दुःखाला तीही नव्हती. पुढची काही वर्षे माहेरच्यांच्या आधाराने गेली, त्यांतले काही दिवस पंढरपुरात. ज्या धर्माने हे दुःख दिले, त्याच धर्माने पुढे तिला आधार द्यावा, असा हा विलक्षण प्रवास आहे. एखाद्या सामान्य लेखकाने या दोन टोकांमध्ये एक चमत्कार घातला असता. लक्ष्मीबाई तसे करत नाहीत. जातिभेद देवाने केला की माणसाने, या एका साध्या प्रश्नापाशी त्या अडतात, विचार करतात आणि त्यांचे सोवळे गळून पडते. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे दुःखावर उतारा म्हणून त्यांनी धर्म घेतला नाही. पटला म्हणून घेतला. म्हणूनच पुढे दुःखात तो त्यांच्या उपयोगी पडला, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट टिळकांच्या कवितेशी ताडून पाहिली म्हणजे स्पष्ट होते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. त्यांनी ख्रिस्ताला आई म्हटले, गुरू म्हटले. परक्या चालीवरच्या भाषांतरित गीतांऐवजी अभंग आणि कीर्तन देवळात आणले. मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या भाषेत रडता आले ते बव्हंशी टिळकांमुळे, आणि त्यांची गीते मराठी उपासनेत आजही गाइली जातात. हे ऋण मोठे आहे. तरीही शोकाच्या बाबतीत त्यांच्या भक्तिगीतांची एक मर्यादा जाणवते. अभंगाला शेवटचा चरण असतो, त्यात ‘दास’ ही मुद्रा यावी लागते, आणि मुद्रेबरोबर मनालाही ठाव सापडावा लागतो. त्यामुळे पहिल्या चरणातला हुंदका चौथ्या चरणात शांत होतो. गाणाऱ्या समुदायाला याची गरज असते. पण एकट्या माणसाची रात्र चार चरणांत संपत नाही.

आत्मचरित्राला असा शेवटचा चरण नसतो. तिथे प्रत्येक मृत्यूनंतर दुसरा दिवस उजाडतो, आणि त्या दिवसाचे काय केले हे सांगावे लागते. 5 मे 1918 रोजी बालकवी ठोमरे भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून गेले. टिळकांच्या घरात ते मुलासारखे वावरले होते. ते ख्रिस्ती झाले नव्हते. लक्ष्मीबाईंच्या मायेत त्याने काही उणे पडले नाही. त्यानंतर वर्षभराने, 9 मे 1919 रोजी, टिळक गेले. आता श्रद्धा काय करते? ती मृत्यूचा अर्थ सांगत बसत नाही. ही बाई वसतिगृहात मुली सांभाळायला जाते, पुढे मुलाबरोबर कराचीला बिऱ्हाड करते, आणि स्वतःच्या फजित्या सांगून आपल्याला हसवते. हे हसू दुःख विसरल्याचे नाही. दुःख घरातच राहायला आले आहे, त्यालाही ताटपाट मांडले आहे, अशा घरातले ते हसू आहे.

याच काळातले ‘ख्रिस्तायना’चे काम मला फार बोलके वाटते. टिळकांनी आरंभलेले हे काव्य अकराव्या अध्यायाच्या आसपास थांबले होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे 64 अध्याय लिहिले. त्यांत कवित्व किती आणि निष्ठा किती, असा प्रश्न टीकाकाराने जरूर विचारावा. ओवी पुष्कळदा सपाट होते, हे मीही मान्य करीन. पण ओवीमागून ओवी घालत गेलेल्या नवऱ्याशी चालू ठेवलेले हे बोलणे म्हणजे सांत्वनच नव्हे काय?

श्रद्धा असली की रडू नये, असा एक समज सर्वच धर्मांतल्या उपदेशकांत आढळतो. खुद्द शुभवर्तमान त्याला दुजोरा देत नाही. लाजाराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही त्याच्या थडग्याकडे जाताना ख्रिस्ताचे डोळे भरून येतात. आणि आम्हां हिंगोलीकरांना तर यासाठी दूर जायला नको. ज्या नर्सीला आम्ही नामदेवांचे जन्मगाव मानतो, ती आमच्याच जिल्ह्यात आहे. 1296 साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्या प्रसंगाचे नामदेवांच्या नावावरचे अभंग वाचावेत. तिथे साक्षात विठ्ठल शेजारी उभा आहे, तरी नामदेवांचा शोक आवरत नाही. निवृत्तिनाथांसारखा योगीही ढासळतो. देव जवळ असणे म्हणजे दुःख नसणे नव्हे. दुःखात एकटे नसणे, एवढेच. नामदेवांचे हे अभंग आणि लक्ष्मीबाईंचे गद्य यांच्यामध्ये सहा शतकांहून अधिक अंतर आहे, धर्मही निराळा आहे. तरी ती एकाच घरची वाटतात.

‘स्मृतिचित्रां’वर एक आक्षेप घेता येईल. लक्ष्मीबाई दुःखाच्या तळाशी फार वेळ थांबत नाहीत. प्रसंग रंगू लागला की मन मागे राहते. ज्या रात्री श्रद्धा डळमळली असेल, त्या रात्रींबद्दल आणखी ऐकायला मिळते तर बरे झाले असते. परंतु जे त्यांनी लिहिले नाही ते सजवूनही सांगितले नाही, हा संयमही थोडा नाही.

फाडलेले ते प्रकरण मी आता पुन्हा लिहायला घेतले आहे. समजूत घालणारा माणूस त्यातून काढून टाकला. त्याच्या जागी शेजारची म्हातारी भाकरी घेऊन येते, त्या बाईजवळ बसते आणि उजेड असेपर्यंत तांदूळ निवडून देते. ती देवाचे नाव घेते की नाही, हे अजून मी ठरवलेले नाही.