‘युगान्त’मधील द्रौपदीचा प्रश्न आणि नैतिक बंधनाची वस्तुनिष्ठता

इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मध्ये (१९६७) द्रौपदीचा सभेतील प्रश्न चूक ठरतो, कायद्याचा काथ्याकूट न करता तिने क्षात्रधर्माच्या नावाने दाद मागावयास हवी होती. येथे नैतिक बंधन वर्णधर्मसापेक्षच राहते. १६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत मुनिरका येथे बसमध्ये चढलेल्या तरुणीवरील सामूहिक बलात्कारानंतर मात्र लोकांनी प्रचलित कायदाच अपुरा ठरविला. २०१३ मध्ये तो बदलला. संहितेलाच उणे ठरविणारा निकष केवळ तिच्यातून येत नाही. तो दुसऱ्या संहितेतून येतो, असे सापेक्षतावादी म्हणेल. परंतु त्या दोहोंत निवड करताना द्यावी लागणारी कारणे कोणासही तपासता येतात. बंधनाची वस्तुनिष्ठता या तपासणीत आहे. द्रौपदीने सभेकडे कारणेच मागितली होती. कर्वे यांना जी चूक वाटली, तीच तिची नैतिक कृती होय.