द्वंद्वखेळातील नवशिक्या : पदबोध, वाक्यबोध आणि तिसरे आसन

१

नवशिक्याला एखादी विद्या कशी अवगत होते, या प्रश्नाचा ऊहापोह आपल्याकडे मुख्यतः बालकाच्या भाषाग्रहणाच्या संदर्भात झालेला आहे. त्या ऊहापोहातून निघालेल्या सिद्धान्तांना भाषेच्या कक्षेबाहेर काही सामर्थ्य आहे की नाही, हे पाहावयाचे तर असे क्षेत्र निवडले पाहिजे, की जेथे शिकणाऱ्यापुढे निश्चित चिन्हे आहेत, त्यांच्या संयोगाचे नियम आहेत आणि त्यांचा विनियोग एका सजीव प्रतिपक्षासमोर करावयाचा आहे. ‘फायटिंग गेम’ या नावाने ओळखले जाणारे पडद्यावरील द्वंद्वखेळ हे असे एक क्षेत्र होय. जपानमधील कॅपकॉम कंपनीने १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांतून आणला, तेव्हापासून या प्रकाराचा साचा स्थिर झाला. दोन खेळाडू, दोन पात्रे, आठ दिशांना फिरणारा एक दांडा, ठोसे व लाथा यांची मिळून सहा बटणे, आणि प्रतिपक्षाचे बळ संपविणे हे एकच साध्य.

या खेळांविषयी एक तक्रार सातत्याने ऐकू येते. नवशिक्या येतो, हरतो, आपण का हरलो हे त्याला उमगत नाही, आणि तो निघून जातो. सांघिक खेळात पराभवाचा काही वाटा सोबत्यांवर टाकता येतो. येथे ती सोय नाही. निर्मात्यांनी या तक्रारीवर अनेक उपाय योजले आहेत. त्या उपायांचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. प्रत्येक उपायामागे शिक्षणाविषयीची एक उपपत्ती गृहीत धरलेली असते, आणि उपाय फसतो तो बहुधा त्या गृहीतापाशीच फसतो.

२

वाक्यार्थ कसा उमगतो, याविषयी मीमांसकांत दोन पक्ष आहेत. कुमारिलभट्टांच्या अभिहितान्वयवादाप्रमाणे पदे प्रथम आपापले अर्थ सांगतात आणि मग त्या अर्थांचा परस्परांशी अन्वय होतो. प्रभाकरांच्या अन्विताभिधानवादाप्रमाणे पद मुळातच इतरांशी अन्वित असा अर्थ सांगते. वाक्यापासून तोडलेल्या पदाला बोधकता नाही. पदाची शक्ती वृद्धव्यवहारातून कळते, ही गोष्ट मात्र उभय पक्षांस मान्य आहे. एक वडीलधारा दुसऱ्यास ‘गाय आण’ म्हणतो. तो गाय आणतो. जवळ बसलेले मूल हे पाहते. पुढे ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ अशी वाक्ये त्याच्या कानी पडतात. एक पद काढले, दुसरे घातले, की कृतीत कोणता फरक पडतो हे पाहून, म्हणजे आवापोद्वापाने, ते मूल पदांचे अर्थ वेगळे करते.

या दृष्टांतात तीन व्यक्ती आहेत, ही गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. आज्ञा देणारा, आज्ञा पाळणारा, आणि पाहणारे मूल. मूल स्वतः व्यवहारात नाही. गाय न आणल्याबद्दल त्याला कोणी रागे भरत नाही. ते तिसऱ्या आसनावर बसलेले आहे. या आसनाचे महत्त्व पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

३

‘स्ट्रीट फायटर ६’ हा खेळ जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. नवशिक्यासाठी इतकी सामग्री एकत्र देणारे खेळ थोडे आहेत. मूलभूत हालचालींचे पाठ आहेत, प्रत्येक पात्राची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, सरावकक्ष आहे, आणि ‘कॉम्बो’ म्हणजे सलग प्रहारांच्या माळा तीन पायऱ्यांनी शिकविणाऱ्या परीक्षा आहेत. या सामग्रीची रचना पाहिली असता ती शुद्ध पदवादी आहे, हे ध्यानात येते. र्‍यू या पात्राचा ‘हादोकेन’ कसा फेकावा, ‘शोर्यूकेन’ कसा मारावा, हे एकेक करून सांगितले जाते. विद्यार्थी ते करून दाखवितो. पुढचे पान उलटते.

या पदांना एक लिपीही आहे. जपानी खेळाडूंनी रूढ केलेल्या आणि आता सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत दांड्याच्या दिशा संगणकाच्या कळफलकावरील अंकपट्टीप्रमाणे लिहितात. ५ म्हणजे स्थिर, २ म्हणजे खाली, ६ म्हणजे पुढे. त्यामुळे २३६ आणि ठोसा म्हणजे हादोकेन. ६२३ आणि ठोसा म्हणजे शोर्यूकेन. भिन्न भाषांच्या खेळाडूंना एकच लेख वाचता यावा, ही या लिपीची सोय खरोखर वाखाणण्याजोगी आहे. परंतु लिपी उच्चार सांगते, अर्थ सांगत नाही.

हादोकेनचा अर्थ काय? ‘दूर जाणारा अग्निगोल’ हा त्याचा कोशगत अर्थ झाला. व्यवहारातील अर्थ निराळा आहे. विशिष्ट अंतरावरून गोल फेकला की प्रतिपक्षाला तो अडवावा लागतो किंवा त्यावरून उडी मारावी लागते. उडी मारणारा हवेत असताना आपला बचाव करू शकत नाही. तेथे शोर्यूकेन त्याला गाठतो. गोल, उडी, वरचा ठोसा, असे हे एक वाक्य आहे. आणि त्यातील मधले पद प्रतिपक्षाकडून वदवून घ्यावयाचे असते. गोलामुळे जी आकांक्षा उत्पन्न होते ती शोर्यूकेनने पुरी होते. तोच शोर्यूकेन जमिनीवर सावधपणे अडवून बसलेल्या प्रतिपक्षावर मारला, तर त्यात योग्यता नाही. मारणारा हवेतून खाली येईपर्यंत असहाय असतो आणि जबर मार खातो. दोन्ही प्रसंगी उच्चार एकच, अर्थ मात्र परस्परविरुद्ध. ज्याने ही दोन पदे दोन स्वतंत्र धड्यांत शिकली, त्याला हे वाक्य येत नाही.

कॉम्बोच्या परीक्षांविषयी तर अधिक गंभीर आक्षेप घेता येतो. पहिला प्रहार लागल्यावर प्रतिपक्ष क्षणभर हतबल असतो आणि त्या अवधीत पुढचे प्रहार जोडले जातात. म्हणजे कॉम्बो हे स्वगत आहे, संवाद नव्हे. या स्वगताचा इतिहासही मनोरंजक आहे. ‘स्ट्रीट फायटर २’च्या निर्मितीत निर्माते नोरिताका फुनामिझू यांना दोष तपासताना असे दिसून आले, की प्रहारांना प्रहार जोडता येतात. ते साधणे इतके कठीण वाटले, की त्याचा फारसा उपयोग होणार नाही असे समजून ते खेळात तसेच राहू दिले गेले. जे व्याकरणकाराच्या मनातही नव्हते ते प्रयोगाने रूढ केले, आणि आज तेच अभ्यासक्रमाचे मोठे प्रकरण होऊन बसले आहे. नवशिका दहा प्रहारांची माळ पाठ करतो. परंतु ज्या पहिल्या प्रहारावाचून ती सुरूच होत नाही, तो लागावा कसा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. लांबलचक भाषण पाठ करून सभेस जावे आणि बोलण्याची संधीच मिळू नये, तशी त्याची गत होते.

४

दुसरा उपाय उच्चाराच्या सुलभीकरणाचा. ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये ‘मॉडर्न’ नावाची नियंत्रणपद्धती आहे. तिच्यात २३६ वा ६२३ अशी वळणे घ्यावी लागत नाहीत; एका बटणाने हादोकेन निघतो, पुढे दाबून तेच बटण दाबले की शोर्यूकेन. मोबदल्यात अशा प्रहारांचे बळ वीस टक्के घटते आणि काही साध्या प्रहारांना मुकावे लागते. हा विचार नवा नव्हे. २०१३ सालच्या ‘डाइव्हकिक’मध्ये अवघी दोन बटणे होती आणि एका आघातात फेरी संपत असे, डेव्हिड सर्लिन यांच्या २०१९ सालच्या ‘फँटसी स्ट्राइक’ने अवघड वळणे मुळातूनच वगळली.

जुन्या खेळाडूंचा या सुलभीकरणाला विरोध आहे. हस्तकौशल्य हाच विद्येचा भाग आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे नाही. उच्चार सोपा झाला की प्रतिसादही शीघ्र होतो, म्हणजे केवळ अडसर दूर होत नाही, तर खेळाचा तोलही बदलतो. तथापि या प्रयोगांचे खरे मोल निराळ्या ठिकाणी आहे. त्यांनी एक शंका निकालात काढली. अडचण बोटांतच असती, तर दोन बटणांच्या खेळात नवशिक्या आणि जाणता समान ठरले असते. तसे घडत नाही. ‘डाइव्हकिक’मध्येही जाणता जिंकतो आणि नवशिक्या हरतो. यावरून अडचण उच्चाराची नसून वाचनाची आहे, हे सिद्ध होते. या खेळाच्या परिभाषेत प्रतिपक्षाचा हेतू ओळखण्याला ‘योमी’ हा जपानी शब्द रूढ आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ‘वाचन’ असाच आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

५

हे वाचन म्हणजे चपळ दृष्टी, असा समज प्रचलित आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. या खेळांत एका सेकंदाचे साठ भाग मानतात आणि प्रत्येक भागास ‘फ्रेम’ म्हणतात. ‘स्ट्रीट फायटर ६’मधील अत्यंत जलद साधे प्रहार बहुतेक पात्रांच्या बाबतीत चौथ्या फ्रेमला लागतात; म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या हिश्शात. साध्या दृश्य संकेताला प्रतिसाद देण्यास माणसाला साधारणतः पाव सेकंद, म्हणजे पंधरा फ्रेम, लागतात. तेव्हा असा प्रहार पाहून अडविणे कोणासही शक्य नाही. जाणता तो पाहत नाही. तो येथे येणार हे त्याला आधीच ठाऊक असते.

याउलट ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ नावाचा जबर प्रहार घ्या. तो लागण्यास २६ फ्रेम लागतात. पडद्यावर रंगांचा भडका उडतो. आणि आपणही तोच प्रहार मागाहून केला की प्रतिपक्षाचा मोडतो. काळाच्या हिशेबाने हा प्रहार कोणालाही दिसावा. नवशिक्याला तो वारंवार बसतो. कारण त्याचे लक्ष स्वतःच्या बोटांवर आणि पाठ केलेल्या माळेवर असते. तो बोलण्यात गुंतलेला असल्यामुळे ऐकत नसतो. जाणत्याच्या मनात ‘येथे हे संभवते’ अशी आकांक्षा सज्ज असते, म्हणून त्याला दिसते. दृष्टी अपेक्षेच्या मागून येते. ही अपेक्षा प्रहाराच्या कोष्टकातून येत नाही. सरावकक्षात प्रत्येक फ्रेम रंगीत चौकटीने दाखविणारी पट्टी आहे. तिची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. पण ती धातुरूपावलीसारखी आहे. रूपावलीवाचून अडते, आणि केवळ रूपावलीने भाषा येत नाही.

६

येथे विरुद्ध पक्षाचे म्हणणे पुढे येते. धडे सोडा, खेळत राहा, शंभर वेळा हरा, आपोआप कळेल, असा उपदेश जुने खेळाडू करतात. वरवर पाहता हा अन्विताभिधानवाद वाटतो. वाक्यातच शिका, असे तो सांगतो. परंतु मीमांसकांच्या दृष्टांतातील मूल हे आज्ञा पाळणारा नव्हे, ही गोष्ट येथे विसरली जाते. ज्याच्यावर क्षणोक्षणी प्रहार होत आहेत त्याला आवापोद्वाप करण्याची उसंत नसते. काय बदलले आणि त्यामुळे काय घडले, हे वेगळे करण्यासाठी काही काळ व्यवहाराबाहेर बसावे लागते.

हा उपदेश ज्यांच्या अनुभवातून आला त्यांना ते आसन लाभलेले होते. ते इतके सहज लाभले होते की त्याची त्यांना जाणीव उरली नाही. यंत्रांच्या दालनात एका यंत्रावर दोघे खेळत आणि हरलेला उठे. आपली पाळी येईपर्यंत बाकीचे मागे उभे राहून पाहत. खेळण्यापेक्षा पाहण्यात वेळ अधिक जाई, आणि पाहण्याला नाणे पडत नसे. २०१९ साली लाहोरच्या अर्सलान अॅश या खेळाडूने प्रथम फुकुओका येथील ‘इव्हो जपान’ आणि मग लास व्हेगास येथील ‘इव्हो’ या दोन्ही स्पर्धांत ‘टेकेन ७’चे विजेतेपद मिळविले, तेव्हा पाकिस्तानासारख्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांपासून दूर राहिलेल्या देशात ही विद्या कोठून आली, असे आश्चर्य व्यक्त झाले. आपल्या देशात आणखी तुल्यबळ खेळाडू आहेत, असे त्याने सांगितले. विद्या ग्रंथातून आली नव्हती. ती दालनांतील सहवासातून आली होती. तालमीत मातीवर उतरण्यापूर्वी पोरगे हौद्याच्या कडेला बसून किती डाव पाहते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. शिक्षण तेथेच सुरू झालेले असते.

घरच्या यंत्रावर, जाळ्यावरून, समान श्रेणीच्या अनोळखी प्रतिपक्षाशी जोडला जाणारा आजचा नवशिक्या या आसनाला मुकला आहे. त्याच्यापुढे प्रतिपक्ष आहे, पण वृद्ध नाहीत. व्यवहार आहे, पण तो पाहण्याची जागा नाही.

७

या दृष्टीने पाहता दोन योजना विशेष उल्लेखनीय ठरतात. आणि निर्मात्यांनी त्यांना धड्यांच्या विभागात घातलेले नाही, हे सूचक आहे. ‘स्ट्रीट फायटर ६’च्या ‘बॅटल हब’ या आभासी दालनात यंत्रे मांडलेली आहेत आणि तेथे चाललेली लढत इतरांना पाहता येते. येथे तिसरे आसन परत मिळते. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या बंदाई नामको कंपनीच्या ‘टेकेन ८’मध्ये खेळाडूला स्वतःची झालेली लढत पुन्हा पाहता येते, चुकल्या ठिकाणी सूचना मिळते, आणि त्याच क्षणी दांडा हाती घेऊन निराळी कृती करून पाहता येते. हा आवापोद्वापाचा जवळजवळ शब्दशः प्रयोग आहे. वाक्य तेच, एक पद बदलले, परिणाम समोर. शिवाय शिकणारा येथे स्वतःच्याच व्यवहाराचा साक्षी होतो.

दोन्ही योजनांत उणीव आहे. दालनात पाहता येते, पण पद बदलता येत नाही. पुनर्दर्शनात पद बदलता येते, पण तेथे नवशिक्या पाहतो त्या बहुधा स्वतःच्याच लढती, वृद्धांच्या नव्हेत. शिवाय सूचना सांगते ती कोणता प्रहार चालला असता एवढेच. प्रतिपक्षाने ते का केले, हे ती सांगत नाही. जाणत्यांच्या लढतीत शिरून एक पद बदलून पाहण्याची सोय या दोहोंचा संयोग करील, आणि तोच धड्यांचा पाया व्हावा. पदबोधाचे पाठ त्यानंतर, गरज उत्पन्न झाल्यावर, द्यावेत.

नवशिक्या हरतो म्हणून जात नाही. हरणे हा या खेळाचा नित्यधर्म आहे आणि जाणतेही हरतात. आपल्या पराभवाचे वाक्य त्याला वाचता येत नाही, म्हणून तो जातो. ते वाचावयास शिकविणे हे त्याचा उच्चार सुधारण्यापेक्षा अवघड आहे. परंतु शिक्षण म्हणून काही करावयाचे असेल तर ते हेच होय. परभाषेच्या वर्गात पहिल्या दिवशी शब्दांची यादी देणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी ‘आता बोला’ म्हणणाऱ्या अध्यापनालाही हा निष्कर्ष तितकाच लागू पडतो.