कुकमच्या रस्त्यावरचा ख्रिस्त

स्टॅन्ली स्पेन्सर हे नाव आपल्याकडच्या रसिकांच्या फारसे कानावर नसते. बायबलमधील प्रसंग रंगवणाऱ्या या इंग्रज चित्रकाराने येरुशलेम थेट टेम्सकाठच्या आपल्या कुकम गावात आणून वसवले. मी त्याची चित्रे पाहिली ती ग्रंथांतील प्रतिकृतींतूनच. तरीही त्याच्याविषयी लिहावेसे वाटते. ‘गावाचे वेड असलेला विक्षिप्त माणूस’ एवढीच त्याची ओळख करून दिली जाते, आणि ती मला अपुरी वाटते.

१८९१ साली कुकममध्ये त्याचा जन्म झाला. वडील ऑर्गनवादक व संगीतशिक्षक. घर मुलांनी भरलेले. १९०८ ते १९१२ या काळात लंडनच्या स्लेड कलाशाळेत तो आगगाडीने जाऊन-येऊन शिकला. सहाध्यायी त्याला ‘कुकम’ म्हणूनच हाक मारीत.

१९२० सालच्या ‘क्रूस वाहणारा ख्रिस्त’ या चित्रात ख्रिस्त चालला आहे तो स्पेन्सरच्या राहत्या घरासमोरून. खिडक्यांतून माणसे डोकावताहेत, वाऱ्याने उडणारे पडदे त्यांना पंखांसारखे दिसताहेत आणि रस्त्याने मजूर शिड्या खांद्यावर घेऊन निघाले आहेत. शिडी आणि क्रूस, दोन्ही शेवटी लाकडाचीच ओझी! जनाबाईच्या जात्याला हात लावणारा विठोबा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात पाखंड दिसणार नाही. जोत्तोसारख्या जुन्या इटालियन चित्रकारांनीही तेच केले होते, आणि स्पेन्सर जोत्तोचा भक्त होता.

पण त्याचे खरे मोठेपण पाहायचे तर बर्गक्लेअरच्या प्रार्थनामंदिरात. पहिल्या महायुद्धात तो आधी ब्रिस्टलच्या लष्करी इस्पितळात सेवक होता, मग मॅसिडोनियाच्या आघाडीवर गेला. त्याच आघाडीवर जडलेल्या आजाराने मरण पावलेल्या सँडहॅम नावाच्या अधिकाऱ्याच्या स्मरणार्थ हे मंदिर उभे राहिले. १९२७ ते १९३२ अशी वर्षे स्पेन्सर त्याच्या भिंतींसाठी राबला. युद्धस्मारक म्हटले की तोफा आणि पताका आल्याच! इथे त्यांचा मागमूस नाही. फरशी घासणारे, बिछाने घालणारे, कपडे निवडणारे, चहाची भांडी भरणारे सैनिक आहेत. सारा जन्म शाळेत काढलेल्या माझ्यासारख्याला फरशी पुसणाऱ्या शिपायाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. समोरच्या भिंतीवर मेलेले सैनिक थडग्यांतून उठताहेत, त्यांच्याबरोबर खेचरेही उठताहेत, आणि सैनिक आपापले पांढरे क्रूस ख्रिस्ताकडे परत करताहेत. कामावरून सुटताना हत्यारे जमा करावीत तसे! ख्रिस्त मात्र दूर, लहानसा, चटकन सापडतही नाही.

यानंतरचे आयुष्य ओढगस्तीचे. १९३५ मध्ये चित्रे नाकारली म्हणून त्याने रॉयल अकादमीचा राजीनामा दिला. १९३७ मध्ये पत्नी हिल्डाशी घटस्फोट, लगेच पॅट्रिशिया प्रीसशी विवाह. ती कधी त्याच्याबरोबर नांदली नाही, घरही तिच्या नावावर गेले. हिल्डावर अन्याय झाला, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. चित्रे थोर आहेत म्हणून ते झाकू नये.

याच पडत्या काळात, लंडनमधील एका खोलीत, त्याने ‘अरण्यातील ख्रिस्त’ ही मालिका आरंभली. चाळीस दिवसांची चाळीस चित्रे योजली होती. पुरी झाली अवघी आठ. त्यांतील एकात जाडजूड बांध्याचा ख्रिस्त जमिनीवर बसून तळहातावरच्या विंचवाकडे पाहतो आहे. इथे कुकम नाही, शेजारीपाजारी नाहीत. तरीही नजर तीच, फरशी घासणाऱ्या सैनिकाकडे पाहणारी. म्हणून मला वाटते, स्पेन्सरची शक्ती गावात नव्हती. क्षुद्र मानलेल्या गोष्टीपाशी तो जितका वेळ थांबे, त्या थांबण्यात होती. जिथे तो थांबत नाही, नुसती गर्दी करतो, तिथे चित्र सैल पडते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पोर्ट ग्लासगोच्या पुनरुत्थानचित्रांत मला हा सैलपणा जाणवतो.

हिल्डा १९५० मध्ये वारली. तो तिला पुढेही पत्रे लिहीतच राहिला. १९५९ मध्ये त्याला ‘सर’ किताब मिळाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो गेला. कुकमच्या नौकाशर्यतीत ख्रिस्त वेताच्या खुर्चीत पुढे वाकून उपदेश करतो आहे, असे भले मोठे चित्र तेव्हा हाती होते. त्याच्या बऱ्याच भागावर अजूनही नुसत्या पेन्सिलीच्या रेघाच आहेत.