ई. एम. फॉर्स्टर : देवासचा अनुभव आणि ‘मंदिर’ खंडाचे स्थान

ई. एम. फॉर्स्टर (१८७९-१९७०) यांची ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) ही कादंबरी प्रामुख्याने वसाहतवादी न्यायव्यवस्थेचे चित्रण म्हणून अभ्यासली जाते. परिणामी खटल्यानंतर येणारा ‘मंदिर’ हा तिसरा खंड पुरवणीवजा मानला जातो. हे आकलन अपुरे आहे.

१९१२-१३ च्या पहिल्या भारतभेटीनंतर आरंभिलेले हे लेखन रखडले होते. १९२१ मध्ये देवास थोरली पाती या मराठा संस्थानात महाराजांचे खासगी सचिव असताना फॉर्स्टर यांनी गोकुळाष्टमीचा उत्सव पाहिला. त्याचा ठसा या खंडावर स्पष्ट उमटला आहे. तुकारामांचे नाम आळवणारे प्रा. गोडबोले आपल्या प्रेमभावात मिसेस मूर यांना आणि गांधीलमाशीलाही सामावून घेतात. दगडापाशी मात्र त्यांचे मन अडखळते. न्यायालय अझीझला मुक्त करते, पण तुटलेला विश्वास सांधू शकत नाही. सर्वसमावेशक भक्तीलाही सीमा पडते. अझीझ व फील्डिंग यांच्या अखेरच्या ताटातुटीत हीच मर्यादा राजकीय रूप धारण करते.

यानंतरच्या ४६ वर्षांत फॉर्स्टर यांनी एकही नवी कादंबरी प्रसिद्ध केली नाही. मानवी संबंधांवरील त्यांच्या श्रद्धेची सर्वांत कठोर परीक्षा याच खंडात झाली, हे लक्षात घेतल्यास त्याचे मध्यवर्ती स्थान मान्य करावे लागते.