हार्ट फेल्युअरमधील संप्रेरक उपचार : एक चिकित्सा

कसबा पेठेतील जुन्या वाड्यांचे लाकडी जिने अरुंद आणि उभे आहेत. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाची श्रेणी ठरविताना डॉक्टरही जिन्याचीच चौकशी करतात : किती पायऱ्या चढल्यावर दम लागतो? संप्रेरक उपचारांविषयीच्या उत्साही लेखनात नेमका हाच प्रश्न मागे पडलेला दिसतो.

या उपचारांमागील तर्क वरकरणी सरळ आहे. अशा अनेक रुग्णांच्या रक्तात टी-३ हे थायरॉइड संप्रेरक किंवा टेस्टोस्टेरॉन कमी आढळते; ज्यांच्यात ते कमी, त्यांचा आजारही बहुधा अधिक गंभीर असतो. तेव्हा उणीव भरून काढावी, असे प्रतिपादन केले जाते. परंतु ही उणीव आजाराचे कारण आहे की परिणाम, हे त्यातून सिद्ध होत नाही. थकलेले शरीर खर्च आवरण्यासाठी ही पातळी स्वतःच उतरवीत असेल, ही शक्यता उरतेच. थायरॉइड ग्रंथीच मंदावली असेल तर गोष्ट वेगळी. तेथे थायरॉक्सिन हाच योग्य उपचार होय.

वाढीच्या संप्रेरकाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९९६ मध्ये इटलीतील फाझिओ आणि सहकाऱ्यांनी हृदय विस्फारलेल्या अवघ्या ७ रुग्णांना ते दिले. हृदयाच्या भिंती जाड झाल्या, प्रकृतीही सुधारली. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. १९९८ मध्ये जर्मनीतील ऑस्टरझील यांच्या गटाने ५० रुग्णांवर तुलनात्मक चाचणी घेतली. हृदयाचे वस्तुमान पुन्हा वाढले, पण रुग्णांच्या प्रत्यक्ष अवस्थेत फरक पडला नाही. यंत्रावरील आकडा सुधारला. जिना होता तेवढाच राहिला. थायरॉइडसदृश डीआयटीपीए या द्रव्याचेही २००९ मध्ये तेच झाले : हृदयातून बाहेर पडणारे रक्त वाढले, परंतु लक्षणे कमी झाली नाहीत आणि थकवा व वजनातील घट यांमुळे औषध सोसले नाही. टेस्टोस्टेरॉनच्या छोट्या चाचण्यांत चालण्याची क्षमता काहीशी वाढली, हे मान्य करावे लागेल. तथापि २०२३ च्या ‘ट्रॅव्हर्स’ या मोठ्या चाचणीत, जी हार्ट फेल्युअरसाठी नव्हती, हृदयविकाराचे झटके वाढले नसले तरी अनियमित ठोक्यांचे प्रमाण अधिक आढळले.

खरे यश उलट दिशेने आले. अँजिओटेन्सिनची निर्मिती रोखणाऱ्या एनालाप्रिलने १९८७ मध्ये गंभीर रुग्णांचे मृत्यू घटविले. १९९९ च्या ‘रॅल्स’ चाचणीत १६६३ रुग्ण होते. अल्डोस्टेरॉनला अटकाव करणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी उतरला. हाही संप्रेरकांशी निगडित उपचारच. फक्त येथे भर घालायची नसून आवर घालायचा असतो. या औषधांना ‘हॉर्मोन थेरपी’ कोणी म्हणत नाही, आणि शब्दाचा हा संकोच निरुपद्रवी नाही. २०१३ च्या त्रिवेंद्रम नोंदवहीत १२०५ रुग्ण होते. त्यांपैकी ज्यांच्या हृदयाची आकुंचनशक्ती मंदावली होती, त्यांच्यातील सुमारे २५ टक्क्यांनाच घरी सोडताना शिफारशींनुसार औषधे लिहून दिलेली होती. स्पायरोनोलॅक्टोन जुने व स्वस्त औषध आहे. मात्र ते घेणाऱ्याच्या रक्तातील पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचे कार्य वेळोवेळी तपासावे लागते.